डोक्यावर हेलिकॉप्टर घेतलेला ट्रक

मित्रांनो, शाळा सुटली की तुम्ही माझ्या शिडीवरून धडाधड वर चढता आणि माझ्या डोक्यावरच्या लोखंडी ओट्यावर पकडापकडी खेळता. खेळा, माझी काही तक्रार नाही. पण परवा तुमच्यातल्या एकीने विचारलं, "ट्रकच्या टपावर एवढा मोठा ओटा कशाला गं?" आणि दुसरीने ठणकावून सांगितलं, "गाद्या वाळत घालायला." तेव्हा मात्र मला राहवेना. मी जुना ट्रक आहे, गंजलो आहे, माझं मागचं एक चाक कायमचं बसलं आहे, सगळं मान्य. पण गाद्या वाळत घालायचा ओटा? फारच झालं. अरे, या ओट्यावर हेलिकॉप्टर उतरायचं. फवारणीच्या दिवसांत सकाळभर उतरायचं आणि उडायचं. बसा जरा, सांगतो.

माझा जन्म इतर ट्रकांसारखाच कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. मला पांढराशुभ्र रंग दिला, पाठीवर चकचकीत टाकी बसवली आणि एका डेअरीत दूध वाहायला पाठवलं. दुधाच्या टँकरला रस्त्यावर मान असतो. त्याची सगळे वाट बघत असतात. मी तेव्हा जरा तोऱ्यातच असे. विटांचा किंवा भंगाराचा ट्रक शेजारी येऊन उभा राहिला तर मी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

मला चालवायची ती ताई. डेअरीतले हमाल असोत की साहेब, सगळ्यांचीच ती ताई. उंचीने बेताची. पाठीमागे उशी घेतल्याशिवाय तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नसत. पण गिअर असा टाकायची की मला कळूसुद्धा नये. तिला एक धाकटा भाऊ होता. लहानपणापासून तोंडाने सारखं काहीतरी गुणगुणत राहायचा, म्हणून तिने त्याला भुंग्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच त्याला चिकटलं. पुढे हा भुंग्या खरोखरच उडायला शिकला. हेलिकॉप्टरचा पायलट झाला. ताईने ही बातमी डेअरीत सगळ्यांना सांगितली, मग सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितली, आणि सांगायला कोणी उरलं नाही तेव्हा टाकी धुताधुता मला सांगितली.

भुंग्याला बड्या माणसांना इकडून तिकडे नेण्यात गोडी नव्हती. त्याला शेतांवर औषध फवारायचं होतं. त्याने एक जुनं, छोटंसं हेलिकॉप्टर आणलं. ताईने डेअरी सोडली आणि सोडताना मलाही मागून घेतलं. डेअरीत तेव्हा नवा टँकर आला होता, त्यामुळे माझ्यासाठी कोणी डोळे पुसले नाहीत. मला वाटलं, चला, आता आपली बढती.

बढती कसली डोंबलाची! माझी चकचकीत टाकी उतरवली. तिच्या जागी प्लॅस्टिकच्या दोन टाक्या आल्या. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी औषध कालवायची. कोपऱ्यात हेलिकॉप्टरच्या इंधनाची टाकी. जिथे दूध होतं तिथे औषधाचा उग्र वास सुटला. मग मिस्त्रीमामा आले. हे मामा म्हणजे यंत्रांचे वैद्य, तोंडाने फटकळ आणि हाताने हळुवार. त्यांनी माझ्या चारी बाजूंना लोखंडी खांब उभे केले आणि वर जाळीचा सपाट ओटा जोडला. मी मनात म्हटलं, सावलीसाठी असेल.

"भुंग्या, बरोब्बर मधोमध उतरायचं," मामा ओट्यावर खडूने फुली मारत म्हणाले. "कडेला उतरलास तर हा ट्रकही जाईल आणि तूही जाशील. आणि मग ताई मला सोडायची नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी हबकलोच.

मित्रांनो, या धंद्याची रीतच अशी आहे. हेलिकॉप्टर छोटं, त्याची औषधाची टाकीही छोटी. शेतावर चारदोन फेऱ्या मारल्या की ती रिकामी होते. दर वेळी लांब विमानतळावर जाऊन भरायची म्हटलं तर दिवस येण्याजाण्यातच जायचा. बरं, शेतात उतरावं तर चिखल, धूळ, शेपटीत अडकायला पीक. म्हणून आम्ही ट्रक औषध घेऊन बांधाशी उभे राहतो आणि हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावर येऊन बसतं. पंखा फिरताच राहतो. भरणारा माणूस वर वाकून उभा असतो, तो नळी जोडतो, टाकी भरतो, नळी काढतो, आणि हेलिकॉप्टर पुन्हा उडतं. आमच्याकडे हा भरणारा माणूस म्हणजे ताई. वेणी शर्टाच्या आत, डोक्याला हेल्मेट, हातात कोपरापर्यंत मोजे. दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलायची सोय होती, नाहीतर त्या घरघराटात काय ऐकू येणार?

पहिल्यांदा भुंग्या माझ्यावर उतरला तेव्हा माझे आरसे लटलट कापत होते. वरून वारा असा कोसळला की ताईची उशी केबिनमधून उडून थेट नाल्यात गेली. मग दोन आडव्या लोखंडी पायांचा भार हळूच ओट्यावर आला, माझ्या चाकांवरच्या पोलादी कमानी दबल्या, आणि सगळं स्थिर झालं. पाय फुलीपासून हातभर सरकले होते. मामा खालून ओरडले, "फुली काय शोभेला काढलीय?" भुंग्याने त्यानंतर फुली कधी चुकवली नाही. आणि मला? मला आवडायला लागलं, खरंच सांगतो. दूध वाहताना लोक माझी वाट बघायचे, पण इथे आकाशातून कोणीतरी मला शोधत यायचं.

ती वर्षं फार छान गेली. आम्ही बटाट्यावर फवारलं, गव्हावर, मक्यावर फवारलं. उजाडताना वारा पडलेला असतो, तीच फवारणीची वेळ. वारा सुटला की काम बंद, कारण मग औषध भलत्याच शेतात जातं. काम संपल्यावर ताई माझ्या मागच्या फळीवर छोटी शेगडी ठेवून चहा करायची. भुंग्या गुणगुणत माझ्या चाकाला टेकून बसायचा. शेतकरी येऊन म्हणायचे, "ताई, तुमचा भाऊ काय उडवतो हो!" ताई म्हणायची, "हो, पण स्वतःचा कप विसळत नाही."

पहिल्याच हंगामात एक गोष्ट घडली. भुंग्या भरायला उतरला, आणि नळी जोडताना ताईला हेलिकॉप्टरच्या पायावर एक बारीक चकचकीत ओरखडा दिसला. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग भुंग्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवला, म्हणजे इंजिन बंद कर.

"हे काय?" पंखा थांबल्यावर तिने विचारलं.

"कुठे काय?"

"भुंग्या."

"अगं, रस्त्याकडची तार असेल. लागली नाही, नुसती घासली."

 ताईने उरलेलं काम थांबवलं, भुंग्याला केबिनमध्ये शेजारी बसवलं आणि मला घेऊन त्या शेताभोवती फेरी मारली. प्रत्येक खांबापाशी ती गाडी थांबवायची आणि म्हणायची, "हा बघितला? याची तार कुठे जाते?" तार वरून दिसत नाही, मित्रांनो. जुनी झाली की ती मातीच्या रंगाची होते आणि मातीत मिसळून जाते. दिसतात ते खांब. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चालायचं, मग ती दिसो वा न दिसो.

त्या दिवसापासून दोन नियम झाले. शेत कितीही ओळखीचं असलं तरी आधी जमिनीवरून फेरी. आणि प्रत्येक भरणीनंतर, नळी काढून हातात घेतली की ताई विचारणार, "तारा?" भुंग्याने त्या शेतातल्या सगळ्या तारा सांगायच्या. मग ती म्हणणार, "जा." तिने जा म्हटल्याशिवाय उडायचं नाही.

भुंग्याला सुरुवातीला याचा भारी कंटाळा यायचा.

"तारा?"

"अगं, आत्ताच तर सांगितल्या!"

"आता परत सांग."

"रस्त्याला दोन, पंपघराकडे एक, आणि एक तुझ्या डोक्यातली, ती मात्र ढिली आहे."

"मग बस इथेच."

"बरं बाई, रस्त्याला दोन, पंपघराकडे एक."

"जा."

कधी तो गाण्याच्या चालीवर तारा सांगायचा, कधी झोप आल्याचं सोंग करून सांगायचा. पण एका हंगामात दुसरीकडून बातमी आली. त्यांच्या ओळखीचा एक पायलट, असाच फवारणी करणारा, तारेत अडकून गेला. अनुभवी माणूस होता. तार नवी नव्हती, तो दर वर्षी फवारायचा त्या शेतात ती त्याच्याही आधीपासून होती. त्या दिवशी भुंग्या गुणगुणला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने सगळ्या तारा सरळ सांगितल्या. थट्टा परत सुरू व्हायला बरेच दिवस लागले.

आता मी जे सांगणार आहे ते मला सांगवत नाही, पण त्याशिवाय माझी गोष्ट पुरी व्हायची नाही.

एका बटाट्याच्या शेतावर आम्ही दर वर्षी जात असू. तिथला खड्डान् खड्डा माझ्या चाकांना पाठ होता. त्या शेतात तार एकच, रस्त्याकडून पंपघराकडे जाणारी. ती शेताच्या एका टोकाशी कड तिरपी ओलांडून जायची. भुंग्या सकाळभर लांबीने फेऱ्या मारत होता आणि तारेच्या बऱ्याच अलीकडे वळत होता. ताई दर भरणीला विचारत होती आणि तो सांगत होता, "एक. पंपाची." हवा छान होती, काम मनासारखं झालं होतं. शेतमालक खूश होऊन बांधावर उभा होता.

सगळं शेत झालं, आणि कालवलेलं थोडं औषध उरलं. उरलेलं औषध कुठेही ओतता येत नाही, ते शेतातच संपवावं लागतं. म्हणून फवारणीवाले शेवटी उरलंसुरलं घेऊन कडा मारतात, म्हणजे शेताच्या कडेकडेने आडवी फेरी घालतात. काम तसं झालेलंच असतं. मन घरी पोचलेलं असतं.

ताईने उरलेलं भरलं, नळी काढली, आणि म्हणाली, "ये लवकर, चहा टाकते."

"साखर नीट घाल," भुंग्या म्हणाला, आणि उडाला.

ताई शिडी उतरून माझ्या मागे आली, शेगडी पेटवली. मी मात्र शेताकडे तोंड करून उभा होतो. भुंग्या कडेने गेला, खाली, अगदी पिकाला टेकेल इतका खाली, सरळ त्या दोन खांबांच्या मधून. तार मला दिसली नाही. मला एवढंच दिसलं की हेलिकॉप्टरने मध्येच मान टाकली, आडवं झालं, आणि बटाट्याच्या सऱ्यांमध्ये जाऊन पडलं. आवाज नंतर आला.

ताईने शेगडी बंद केली की नाही ते मला माहीत नाही. ती केबिनमध्ये होती आणि मी चालत होतो, एवढंच मला कळलं. ही तीच ताई, जी एक चाकसुद्धा पिकावर जाऊ देत नसे. त्या दिवशी तिने मला बांधावरून थेट शेतात घातलं. सऱ्या मोडत, बटाटे चिरडत मी गेलो. माझी चाकं रुतत होती आणि ती मला म्हणत होती, "चल रे, चल रे, चल रे." मित्रांनो, मी आयुष्यात कधी इतका जोर लावला नव्हता.

इंधनाचा वास येत होता, पण आग लागली नव्हती. हेल्मेटला भलीमोठी भेग गेली होती, म्हणजे त्याने आपलं काम केलं होतं. शेतमालक आणि ताई यांनी मिळून भुंग्याला ओढून लांब आणलं. तो नखशिखांत औषधाने भिजला होता. डोळे मिटलेले. ताईने माझ्या स्वच्छ पाण्याची नळी ओढली आणि त्याला धुवायला लागली. डोळे, तोंड, मान, हात. माझी टाकी रिकामी होईपर्यंत ती त्याला धूत होती आणि बोलत होती, "भुंग्या, डोळे उघड. अरे उघड ना रे." पाणी संपतासंपता त्याने एक डोळा उघडला.

"पंपाची," तो पुटपुटला, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

मग रुग्णवाहिका आली आणि दोघांना घेऊन गेली. मला त्या शेतातून दुसऱ्या दिवशी कोणा परक्याने बाहेर काढलं.

भुंग्या वाचला. कंबर आणि एक पाय मोडला होता, बरगड्याही. पण डोळे वाचले, ते माझ्या पाण्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले. हे मला मिस्त्रीमामांनी सांगितलं, आणि ते ऐकून मला फार बरं वाटलं. पण सांगायला मामा सोडून कोणी येतच नव्हतं. ताईने माझ्याकडे पाठ फिरवली. ती शाळेची बस चालवायला लागली. मी शेडच्या मागे पडून राहिलो. चाकांभोवती गवत वाढलं, बॅटरी उतरली, केबिनमध्ये मांजरीने पिल्लं घातली. पिल्लं गोड होती, नाही असं नाही. पण रोज पहाट झाली की मला आकाशाकडे कान लावायची सवय, आणि आकाशात काहीच वाजत नसे.

बऱ्याच महिन्यांनी ताई आली ती मामांना घेऊन. मामांच्या हातात लोखंड कापायचं यंत्र होतं.

"कापून टाका," ताई म्हणाली. "सगळा ओटा. खांबांसकट."

"पोरी, अगं, त्याचं हेलिकॉप्टर दुरुस्त होऊन यायला निघालंय. डॉक्टरांनीही उडायला हरकत नाही म्हणून सांगितलंय."

"म्हणूनच म्हणते. उतरायला जागाच नसली तर उडेल कसा?"

माझा तर जीव टांगणीला लागला. मामा मात्र मुद्दाम वेळ काढत होते. वायर सोडली, परत गुंडाळली, चष्मा पुसला. तेवढ्यात काठी टेकत भुंग्या आला. वाळला होता, पण चालत होता.

"ताई, या ट्रकने तुझं काय घोडं मारलंय?"

"ट्रकने नाही. मी मारलंय." ताई त्याच्याकडे बघत नव्हती. "त्या शेवटच्या फेरीला मी विचारलं नाही. सकाळभर विचारलं आणि तेव्हा चहाचं बोलले. रोज रात्री मला तेच ऐकू येतं. चहा टाकते, चहा टाकते."

भुंग्या माझ्या चाकाला टेकून सावकाश खाली बसला. त्याला बसायलाही त्रास होत होता.

"मला तार माहीत होती, ताई. सकाळभर मीच तुला सांगत होतो ना? काम संपलं असं माझ्या मनाने घेतलं, तुझ्याही मनाने घेतलं. त्यात तुझी एकटीची चूक कुठून आली? उडत मी होतो."

"आणि उद्या परत असंच झालं तर? परत मी विसरले तर?"

  भुंग्याने माझ्या चाकाभोवतीचं गवत मूठभर उपटलं.

"तर मी उडणार नाही," तो म्हणाला. "आजवर तू विचारायचीस आणि मी सांगायचो. आता तू विचारलंस नाही तर मी जागचा हलणार नाही. वर बसून राहीन."

"तू बसून राहशील? तू? ताटात वाढेपर्यंत धीर नसतो तुला."

"राहीन. बघ तू."

ताई हसली की रडली, ते मला माझ्या धुळकट आरशात नीट दिसलं नाही. मामांनी मात्र यंत्र पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "मग आता गवत कापायचा विळा आणू का? गाडीची पार रया गेलीय."

पुढच्या हंगामात पहिलंच काम आलं ते त्याच बटाट्याच्या शेताचं. ताई नको म्हणेल असं मला वाटलं होतं, पण तिने फक्त नवी उशी घेतली आणि माझी किल्ली फिरवली. फेरी झाली. खांब बघून झाले. भुंग्या पहिल्यांदा उतरला तेव्हा फुलीच्या इतका मधोमध उतरला की माझ्या चारी कमानी सारख्या दबल्या. सकाळभर मी ऐकत होतो. "तारा?" "एक. पंपाची." "जा." ताईचा आवाज कोरडा होता, पण येत होता.

मग शेत संपलं, आणि उरलं थोडं औषध.

भुंग्या उतरला. ताईने ते भरलं. नळी काढली, हातात घेतली. आणि तिने तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. ती नुसती उभी राहिली. डोक्यावर पंखा गरगरत होता, तिचा शर्ट फडफडत होता, डोळे भरून आले होते.

भुंग्या बसून राहिला. तो तिच्याकडे वळलासुद्धा नाही. समोर बघत, हात दांड्यावर ठेवून, नुसता बसून राहिला. बांधावरून शेतमालक हातवारे करत होता, काय झालं, काय अडलं? इंधन जळत होतं. ऊन वर येत होतं. माझ्या डोक्यावरचा तो भार मला कधी नव्हे इतका जड लागत होता, आणि मला वाटत होतं की तो तसाच राहावा. कितीही वेळ लागला तरी राहावा.

"तारा?" ताई म्हणाली. आवाज फुटका होता, पण भुंग्याला तो पोचला.

"एक. पंपाची. कडेवरून जाते. मी कडेला जाणार नाही, मधल्या सऱ्यांवर टाकून येतो."

ताईने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "जा."

तो गेला, मधल्या सऱ्यांवर उरलेलं टाकलं, आणि परत माझ्याकडे आला. त्याचा भार माझ्यावर टेकला तेव्हा माझी सगळी पत्र्याची अंगं खडखडली, ती आनंदाने. ताई खाली गेलीच नव्हती. ती ओट्यावरच बसून होती. त्या दिवशी चहा भुंग्याने केला, आणि तो इतका वाईट झाला की शेतमालकाने गुपचूप बांधावर ओतला.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं काम केलं, आणि भुंग्याच्या हेलिकॉप्टरला पुन्हा कधी ओरखडासुद्धा आला नाही. आता फवारणीला ड्रोन आले आहेत. त्यांच्यात माणूस बसत नाही, हे मला मनापासून पटतं. हेलिकॉप्टर विकलं गेलं. मला मात्र ताईने ठेवून घेतलं आणि घराशेजारच्या या मोकळ्या जागेत उभं केलं. आणि हो, तुमच्या मैत्रिणीचं अगदीच चुकलं नाही. ताई ओट्यावर अधूनमधून गाद्याही वाळत घालते. तिचं चालतं मला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्या शिडीची तिसरी पायरी गंजली आहे, तिच्यावर पाय देऊ नका. आणि तुमच्याही घरी कोणीतरी असेल, जे तुम्ही निघताना रोज तेच तेच विचारतं. रस्ता बघून जाशील ना? हेल्मेट घेतलंस का? त्यांच्यावर वैतागू नका. तुम्हाला माहीत नाही म्हणून ते विचारत नाहीत. तुम्ही परत यावं म्हणून विचारतात. आणि एखाद्या दिवशी ते विचारायला विसरले, तर क्षणभर दारात थांबा.

भुंग्या आता रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला राहतो. रोज संध्याकाळी तो लंगडत ताईकडे येतो, माझ्या चाकाला खुर्ची टेकवून चहा पितो, आणि आता आपला कप आपण विसळतो. अंधार पडायच्या आत तो स्कूटरवर बसतो. ताई पायरीवरून विचारते, "तारा?"

स्कूटरला कसल्या आल्या तारा? तुम्ही पोरं हसता, मी बघितलंय. पण भुंग्या पाय टेकवून थांबतो, वर बघतो आणि घरापर्यंतच्या सगळ्या सांगतो. "गेटापाशी एक. शिंप्याच्या दुकानावरून दोन. वळणावर एक, लोंबलेली."

ताई म्हणते, "जा." आणि मगच तो स्कूटर सुरू करतो.